नोराच्या टेबलापुढची रांग

चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये क्लिनिकची दोन टेबलं मांडलेली असायची, एक नोराचं आणि एक माझं. त्या दुपारी माझ्या टेबलापुढे कुणीच नव्हतं. नोराच्या टेबलापुढची रांग मात्र दारापर्यंत गेली होती, आणि दाराबाहेर बाबागाड्यांची गर्दी झाली होती. नर्सने रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बाईला माझ्याकडे जायची खूण केली. मिसेस ऑग्डेन तिचं नाव. तिच्या कडेवर नुकता मान धरायला लागलेला मुलगा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पांढऱ्या कोटाखालून दिसणाऱ्या माझ्या साडीच्या काठाकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाली, "आम्ही थांबतो. आम्हाला काही घाई नाही."

घाई सगळ्यांनाच होती. तिला गिरणीत पाळीवर जायचं होतं. मी आधीच पुसलेला वजनकाटा पुन्हा पुसायला घेतला.

ही बेचाळीस सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. हॅस्लफोर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं गाव. त्याची स्वतःची नगरपालिका होती आणि तिचं स्वतःचं आरोग्य खातं. मी मूळची बेळगावची. मुंबईला डॉक्टर झाले आणि सार्वजनिक आरोग्याची पदविका घ्यायला लंडनला गेले. ती हातात पडली तोवर युद्ध पेटलं होतं आणि परतीची बोट मिळेना. इकडे खात्यातले तरुण डॉक्टर सैन्यात भरती झालेले. माणूस मिळत नव्हतं म्हणून हॅस्लफोर्डने मला घेतलं. तान्ह्या मुलांचं क्लिनिक, घटसर्पाच्या लसी, आणि आठवड्याला गावात किती जन्मले, किती गेले, कशाने गेले, याचा हिशेब लावणं ही माझी कामं. लंडनवर बॉम्ब पडून गेले होते. आमच्याकडे विमानं क्वचित यायची. आमची लढाई गोवर, घटसर्प आणि लहान मुलांच्या छातीच्या दुखण्याशी होती.

डॉक्टर नोरा फेनविक माझ्याच वयाची, माझ्याच हुद्द्यावर होती. पण ती गावची लेक. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि निम्म्या गावाने तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. ती मुलाला उचलून घ्यायची, नाकाला नाक लावायची, त्याच्याशी बोलत बोलत त्याची छाती तपासायची. मूल रडायचं थांबे. आई मग मनातलं सगळं सांगून टाकायची. माझ्याकडे येणाऱ्या बायका विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत आणि कोट चढवून निघून जात.

मला तिचा हेवा वाटायचा. आमच्या ओळखीच्या सुरुवातीलाच तिने मला माझ्या नावाचा अर्थ विचारला होता. अनसूया म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती, असं मी सांगितलं. "किती छान," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून मला ॲना म्हणायला लागली. नाव तोडलं याचा राग आला की त्याचा अर्थ तिला सांगावा लागला याचा, ते मला कळलं नाही.

खरा सल होता शनिवारचा. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्या आयांना दुपारी मूल घेऊन क्लिनिकला येता येत नाही, म्हणून शनिवारी कारखान्याच्या पाळणाघरातच क्लिनिक भरवावं, ही कल्पना माझी. मी ती आमचे मुख्य आरोग्य अधिकारी डॉक्टर हॅडो यांच्यापुढे मांडली होती. हॅडो म्हातारे, स्कॉटिश, पाइपशिवाय न दिसणारे. कल्पना त्यांना आवडली. कारखान्याच्या मॅनेजरशी नोराची ओळख होती म्हणून तिने बोलणं केलं, आणि पहिल्या शनिवारी तीच बसली. स्थानिक वर्तमानपत्राने तिचा फोटो छापला. गावात त्या क्लिनिकचं नाव पडलं 'फेनविकचा शनिवार'. त्या वर्षी गावातलं बालमृत्यूचं प्रमाण पूर्वी कधी नव्हतं इतकं खाली आलं. तो आकडा मीच काढला होता. हॅडोंनी तो आरोग्य समितीपुढे वाचला आणि डॉक्टर फेनविकचे आभार मानले. सभासदांनी बाकं वाजवली. नोराने माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसून खांदे उडवले, जणू म्हणत होती, मी काय करू.

मुख्य अधिकाऱ्यांच्या हाताखालचा उपअधिकारी सैन्यात गेला होता. ती जागा आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार होती. समिती फेब्रुवारीत बसणार होती, आणि ती कुणाला मिळणार याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती.

त्या दिवसांत मी नोराकडे जितकं लक्ष देऊन पाहत होते तितकं लक्ष मी आयुष्यात कुणाकडे दिलं नसेल. माझ्या टेबलापुढे गर्दी नसायची, त्यामुळे वेळही होता. तिचे गाल दुपारनंतर गुलाबी होत. बायका म्हणायच्या, डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर बघा कसं तेज आहे. रेशनच्या पाव-बटाट्यांनी आम्ही सगळ्या सुटत चाललो होतो आणि ती मात्र बारीक होत होती. तिने स्कर्ट आत घेऊन शिवला होता. तोही तिला शोभायचा. मिल ब्रो नावाची एक उभ्या चढाची गल्ली होती. घरभेटींसाठी आम्हाला दोघींना तिथून जावं लागे. नोरा सायकलवरून उतरून ती ढकलत चढायची आणि दर चार-सहा घरांनंतर कुणाच्या तरी दाराशी थांबायची. बाई बाहेर यायची, बोलणं व्हायचं, पुढच्या दारी पुन्हा तेच. मी खालून हे बघायची आणि मनात म्हणायची, ही बाई मतं गोळा करत चालली आहे.

जानेवारीत बर्फ पडून गल्ली निसरडी झाली होती. मी भिंतीला धरून चढत होते आणि नोरा माझ्या थोडी पुढे होती. ती एका दाराशी थांबली. मीही थांबले, तिला गाठायचं नव्हतं म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की त्या घरात कोणी राहत नव्हतं. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. नोरा बंद दारापुढे, हात चौकटीला टेकून, पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे वरखाली होत होते.

गाल, स्कर्ट, दुपारनंतरचं तेज, हे सगळं मी महिनोन् महिने पाहत होते आणि गाठीला बांधून ठेवत होते. माझ्यासमोर कुणी अनोळखी बाई ही लक्षणं घेऊन आली असती तर मी पहिल्या भेटीतच तिला क्षयाच्या दवाखान्यात पाठवलं असतं.

त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. युद्ध सुरू होताच जखमींसाठी खाटा हव्यात म्हणून कितीतरी क्षयरोग्यांना घरी धाडलं होतं. आमच्या गावातही ते परतले होते, आणि त्यांच्या घरी भेटी द्यायला नोराच जात असे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र नोरा आली नाही. नाकाला नाक लावलेली ती तान्ही मुलं आली. मोठ्या माणसाला तो आजार वर्षानुवर्षं झिजवतो. तान्ह्या मुलाच्या मेंदूत शिरला तर दिवसही पुरत नाहीत.

क्लिनिक दुसऱ्याच दिवशी होतं. मी नोराला त्याच संध्याकाळी हॉलमागच्या खोलीत गाठलं. तिथे दुधाच्या भुकटीचे डबे आणि कॉडलिव्हर तेलाच्या बाटल्या ठेवलेल्या असायच्या. ती बाटल्या मोजत होती. मी दार लावलं आणि तिला विचारलं, खोकला किती दिवस आहे. हिवाळा सुरू झाल्यापासून, ती म्हणाली, सगळ्या गावालाच आहे. घाम येतो का, असं विचारल्यावर ती हसली. रक्त पडलं का, असं विचारल्यावर हसली नाही.

"ॲना, तू माझी तपासणी करते आहेस का?"

"उद्या सकाळी छातीचा एक्स-रे काढून घे. तोवर क्लिनिकमध्ये येऊ नकोस."

तिने हातातली बाटली खाली ठेवली. "समिती तीन आठवड्यांवर आली आहे. तुला ती जागा हवी आहे."

"हवी आहे," मी म्हणाले. "तरीही एक्स-रे काढ."

मग तिने समितीची बैठक होईपर्यंत मुदत मागितली. त्यानंतर आपण स्वतःहून जाऊ, तोवर तोंडावर कापड बांधून काम करू, कुणाला जवळ घेणार नाही, असं ती म्हणाली. तिला खरं भय जागेचं नव्हतं. क्षयाचं नाव निघालं की दुकान बुडेल, तिच्या बहिणीशी कोणी लग्न करणार नाही, हे तिने तुटक तुटक सांगितलं. आमच्याकडेही हेच होतं. बेळगावात ज्या घरात क्षय शिरला त्या घरचं पाणी लोक पीत नसत. मला तिची कीव आली, पण मी मुदत दिली नाही.

"मग जा, हॅडोंना सांग," ती म्हणाली. "बघ ते कुणावर विश्वास ठेवतात."

मी गेले. हॅडो घरी निघाले होते, अंगात कोट चढवलेला. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा कठोर होत गेला. ते म्हणाले, डॉक्टर फेनविकला ते रोज सकाळी भेटतात, अशी तरतरीत मुलगी खात्यात दुसरी नाही. मग खुर्चीवर बसून त्यांनी पाइप पेटवला, आणि मला बसा म्हटलं नाही.

"डॉक्टर वागळे, मी या खात्यात म्हातारा झालो. दोन माणसांना एक जागा हवी असली की काय काय ऐकू येतं ते मला ठाऊक आहे."

"मला तिचा हेवा वाटतो हे खरं आहे," मी म्हणाले. "ती जागा मला मिळावी असंही वाटतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक्स-रेच्या फिल्मवर ठेवा."

त्यांनी पाइप तोंडातून काढला. हे असं कबूल करणारं माणूस त्यांना बहुधा भेटलं नव्हतं. मी पुढे म्हणाले की एकट्या नोराला बोलावू नका. मुलांना हात लावणाऱ्या सगळ्यांचे एक्स-रे काढा, नर्सेस, मी, ती, सगळ्या. काही निघालं नाही तर मी राजीनामा देईन आणि नोराला कुणी बोल लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी हॅडोंच्या सांगण्यावरून, चॅपलचा बॉयलर बिघडला म्हणून क्लिनिक बंद असल्याची पाटी लागली. आम्ही सगळ्या क्षयाच्या दवाखान्यात एक्स-रेसाठी ओळीने उभ्या राहिलो. नोरा माझ्या पुढे होती. ती नर्सेसना हसवत होती. तिची पाळी आली तेव्हा तिला गळ्यातली साखळी काढून धरायला कुणाच्या तरी हातात द्यायची होती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली.

फिल्म हॅडोंनीच उजेडापुढे धरली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात अंगठ्याने दाबून भोक पाडावं तशी पोकळी होती. मला सांगायला काही उरलं नव्हतं. हॅडोंनी फिल्म खाली ठेवली आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"मी रोज सकाळी तिला म्हणायचो," ते म्हणाले, "आज फार छान दिसतेस."

नोराला डोंगरपठारावरच्या सॅनिटोरियममध्ये हलवलं. तिच्या घरच्यांची विनंती होती की आजाराचं नाव बाहेर पडू नये. हॅडोंनी शब्द दिला आणि मलाही द्यायला लावला. गावात सांगितलं गेलं की डॉक्टर फेनविक अति कामाने थकल्या आहेत, विश्रांतीला गेल्या आहेत. फेब्रुवारीत समिती बसली आणि उपअधिकाऱ्याची जागा मला मिळाली. बाकं कुणी वाजवली नाहीत.

गावाने आपल्या परीने दोनावर दोन मांडून चार केले. नोरा गेली, मी वर चढले. म्हणजे मीच काहीतरी केलं. हॉलमध्ये आता एकच टेबल होतं आणि त्यापुढे रांगही होती, कारण बायकांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्या रांगेत बोलणं नसायचं. नोराने हाताळलेल्या मुलांच्या कातडीवर क्षयाची चाचणी करायची होती. नवीन नियम आहे असं सांगून आम्ही ती केली. बहुतेक मुलं सुटली. मोजक्या मुलांच्या छातीवर चाचणीचा लाल डाग उठला, आणि त्यांत मिसेस ऑग्डेनचा मुलगा होता.

डाग उठला म्हणजे आजार झालाच असं नसतं. पण लक्ष ठेवावं लागतं. मूल चिडचिडं झालं, ओकायला लागलं, मान ताठ झाली तर सगळं संपल्यात जमा. मी दर आठवड्याला मिल ब्रो चढून ऑग्डेनच्या घरी जाऊ लागले. ती मला उंबऱ्यावरच उभी करायची. मी मुलाची मान हलवून बघायची, वजन करायची, दूध उकळूनच द्या म्हणून सांगायची. चहा तिने कधी विचारला नाही. एकदा मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला हवं होतं ते मिळालं ना? मग आमच्या घरी का येता?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मुलगा माझ्या बोटाशी खेळत होता. मी ते सोडवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणाले. परत येताना, सांगायला लाज वाटते, मला मुलाची काळजी नव्हती. मी हाच विचार करत होते की या उंबऱ्यावरून नोराला आत बोलावलं असतं.

मे महिन्यात मी नोराला भेटायला गेले. बस पायथ्याशी सोडायची, पुढे चालत जायचं. व्हरांड्यात ओळीने खाटा होत्या आणि रोगी उघड्या हवेत पांघरुणं घेऊन पडलेले. नोराची खाट शोधावी लागली नाही. तिच्याभोवती तीन-चार रोगी बायका खुर्च्या ओढून बसल्या होत्या आणि ती त्यांना काही सांगत होती. म्हणजे इथेही रांग होतीच. नोरा मरायला टेकलेली आणि मी तिचा हेवा करत उभी.

बायका उठून गेल्या. नोराचे गाल आता गुलाबी नव्हते. आम्ही आधी गावाबद्दल बोललो. तिला मुलांची नावं घेऊन घेऊन ऐकायचं होतं. चाचणीत कोण निघालं ते मी टाळत होते, पण तिने विचारलंच, आणि मी ऑग्डेनच्या मुलाचं सांगितलं. तिने डोळे मिटले. मी म्हणाले की तो धडधाकट आहे, वजन वाढतंय, परवा त्याला पहिला दात आला.

"तिथे तुला छळत असतील," ती म्हणाली.

"फार नाही."

"तू त्यांना सांगितलं नाहीस."

"तुझा आजार आहे. सांगायचा तर तू सांगशील."

तिला खोकल्याची उबळ आली. ती शमल्यावर ती म्हणाली, "मी याचाच विचार करत पडलेली असते. आई रोज माझ्यासमोर जेवायला बसायची. हॅडो रोज भेटायचे. गल्लीतल्या प्रत्येक दारात मला कोणी ना कोणी थांबवायचं. माझ्यावर सगळ्यांचा जीव होता, ॲना, आणि कुणाला काही दिसलं नाही. तुला दिसलं."

"मी मायेने बघत नव्हते, नोरा."

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी तुझ्यासमोर कधी खोकले नाही."

यावर आम्ही दोघी हसलो. तिला हसणं झेपेना. निघताना तिने माझा हात धरला नाही. संसर्गाची काळजी आता तिला माझ्याहून जास्त होती. पण मी व्हरांड्याच्या टोकाला पोचले तेव्हा तिने मागून हाक मारली. पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव, चुकतमाकत, अ-न-सू-या असं तोडून. मी वळले. तिला काही सांगायचं नव्हतं. नाव जमतं का ते बघत होती.

ती पुढच्या वर्षी पानगळीत गेली. तेव्हा वर्तमानपत्रात आजाराचं नाव आलं, कारण तिनेच तसं लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली एक ओळ होती की आपल्याला वेळेवर मुलांपासून दूर केल्याबद्दल ती डॉक्टर वागळेंची ऋणी आहे. दुसऱ्या दिवशी मी ऑग्डेनच्या दाराशी गेले तेव्हा मिसेस ऑग्डेनने दार उघडलं आणि बाजूला झाली. मी आत गेले. मुलगा आता धावत होता. तिने चहा टाकला, आणि माझ्यासमोर बसून रडली. ती नोरासाठी रडत होती. मी चहा घेतला.

मृत्यूच्या नोंदीचा नियम असा की माणूस कुठेही मेलं तरी ते राहतं त्या गावाच्या हिशेबात धरायचं. त्यामुळे सॅनिटोरियममधला नोराचा मृत्यू वर्षाअखेर हॅस्लफोर्डकडे आला आणि क्षयाने गेलेल्यांत मी तिला मिळवलं. त्याच पानावर बालमृत्यूचा आकडा होता, आणखी खाली आलेला. हॅडो माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ऑग्डेनच्या मुलासारख्यांची नोंद कुठे करायची, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मेले नाहीत त्यांना आपल्याकडे जागा नसते.

मग त्यांनी अहवालाचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. पहिल्या पानावर आभार होते, आधी नोराचे आणि नंतर माझे. मी ते पान दोनदा वाचलं. क्रम बदलावा असं मला वाटलं, अगदी तेव्हाही वाटलं. मी कागद हॅडोंना परत दिला आणि ठीक आहे म्हणाले.